काळ्या नमद्याचे दोन तुकडे

माझ्या तुर्लीबेक मामाच्या इंजिनात कधी पाणी गोठलं नाही, हे आमच्या भागात कुणालाही विचारा. कझाकस्तानातल्या बालकाशच्या रस्त्यावर ट्रक चालवण्यात त्याचा जन्म गेला. त्या माळावर उत्तरेचं वारं सुटलं की टाकीत डिझेलची पेज होते, आणि तिथे बंद पडलेली गाडी वसंतापर्यंत बंदच राहते. मामाची कधी राहिली नाही. शिशिराची चाहूल लागली की तो ट्रकच्या तोंडावर मेंढीच्या लोकरीचा जाड नमदा शिवायचा. मग हाताचा पंजा पुढे धरून बोनेटभोवती फिरायचा. कुठल्या फटीतून वारं आत शिरतंय ते शोधायचा, आई पाळण्याभोवती शोधते तसं.

एका हिमवादळात त्याच्या ट्रकमध्ये दिवस भरलेली एक बाई होती. नमदा अपुरा पडायला लागला तेव्हा मामाने अंगातला कोट काढून रेडिएटरवर बांधला आणि नुसत्या सदऱ्यावर बाईला दवाखान्यात पोचवलं. तिच्या घरच्यांनी पुढे बाळाच्या बारशाला भर मांडवात त्याच्या खांद्यावर चापान घातला. गर्द निळ्या मखमलीचा, रुपेरी कशिद्याचा पायघोळ झगा. मामा तो फक्त लग्नाकार्याला घालायचा, आणि कुणी नवा माणूस भेटला की सांगायचा, "माझा कोट गाडीने घेतला आणि हा मला मिळाला. सौदा बरा झाला." लोक हसायचे. सगळे त्याला मानाने तुरेके म्हणायचे. तरुण ड्रायव्हर हिवाळ्याआधी त्याच्याकडून गाडीचं तोंड तपासून घ्यायला यायचे.

त्याच्या मुलाची, मेदेतची, गाडी मात्र अगदी निराळ्या जातीची. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली जुनी जपानी गाडी. मागची सीट काढलेली, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा. कापशागायच्या तलावापलीकडे माळावर एक ट्रॅक आहे. सुटीच्या दिवशी हौशी लोक आपापल्या गाड्या आणतात, प्रवेशाचे पैसे भरतात आणि जीव खाऊन पळवतात. शर्यत अशी नसते, पण प्रत्येकाच्या मनात असतेच. मी यंत्रांचं शिक्षण घेतलेली, त्यामुळे टायरमधली हवा बघणं, लांबून तापमान मोजायच्या पिस्तुलाने ब्रेक किती तापलेत ते पाहणं, ही कामं माझ्याकडे.

आणि ब्रेक तापत होते. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी एक उलटं वळण आहे. तिथे दर फेरीला गाडीचा सगळा वेग ब्रेकने गिळायचा असतो. तो वेग कुठे जातो? उष्णता होऊन ब्रेकच्या डिस्कमध्ये जातो. काही फेऱ्यांनंतर ब्रेकचं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेदेतचं तसं झालं होतं. थोडक्यात वाचला.

उपाय याकुपने काढला. याकुप म्हणजे मेदेतचा शाळेपासूनचा दोस्त, उइगुर पत्रेवाला. बाजारात पत्र्याच्या ओळीत त्याचं दुकान. चुलींची धुराडी, समोवारच्या नळ्या, वळचणीची पन्हाळी, हे त्याचे पिढीजात धंदे. तो म्हणाला, "धूर बाहेर न्यायला नळी करतो मी. हवा आत आणायला करायची म्हणजे नळीच उलटी धरायची. त्यात काय?"

पण त्यात बरंच काही होतं. पुढच्या बंपरमधले धुक्याचे दिवे काढून त्या जागी त्याने पत्र्याची दोन नरसाळी बसवली. दगडगोटे आत जाऊ नयेत म्हणून तोंडावर काळी जाळी स्क्रूने बसवली. नरसाळ्यापासून चाकापर्यंत उष्णता सोसणारी लवचीक नळी नेली. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी टायर तिला घासणार नाही, अशी वाट शोधायला त्याला अख्खा दिवस लागला. चाकापाशी धूळ अडवणारा पत्रा काढून त्याच्या जागी नवी तबकडी केली. तिचं भोक बरोबर डिस्कच्या मध्यावर येईल असं. डिस्क दोन पापुद्र्यांची असते, मध्ये पोकळी. फिरताना ती पंख्यासारखी आतली हवा कडेने बाहेर फेकते. म्हणून गार हवा तिच्या चेहऱ्यावर मारून फार उपयोग नाही, पोटात द्यावी लागते.

हे काम मामाच्या अंगणात चाललं होतं. मामा मेंढ्या बघायला डोंगरावर गेला होता, तो परतला तेव्हा दोघं गाडीखाली होते आणि चार पाय तेवढे बाहेर.

"अरे, दिवे चोरीला गेले की काय?" मामाने विचारलं.

"नाही, कोके," मेदेत खालून म्हणाला. बापाला तो कोकेच म्हणायचा. "हवेसाठी केलंय ते."

"कसल्या हवेसाठी?"

"सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. तुमच्या ट्रकला नव्हतं असलं काही."

"अका, ते असं बघा," याकुप सांगायला लागला. मामाला तो मानाने अका म्हणायचा.

"तू क्लिप धर आधी! शाळा नंतर उघड," मेदेतने त्याला तोडलं.

मामा थोडा वेळ उभा राहिला. त्या काळ्या जाळीसमोर त्याने सवयीने पंजा धरला, मग आत चहा प्यायला निघून गेला.

नळ्यांनी काम केलं. ऑगस्टमधल्या फेरीनंतर मी पिस्तूल डिस्कवर धरलं आणि मला आकडा खोटाच वाटला. मेदेतने याकुपला उचलून गोल फिरवलं. ट्रॅकवरच्या आणखी चौघांनी याकुपला तसल्याच नळ्या सांगितल्या. पत्र्याच्या ओळीत त्याला लोक 'वारेवाला' म्हणून चिडवायला लागले आणि तो खुशीत दुप्पट आवाजात ओ द्यायला लागला.

मग ऑक्टोबर आला. हंगामातला शेवटचा ट्रॅकचा दिवस जवळ आला होता आणि एका सकाळी अंगणातल्या गवतावर पांढरी साय धरली. मामा उठला, मुलाच्या गाडीसमोर उभा राहिला. तोंडाला दोन उघडी भोकं! हवेसाठी, पोरगा म्हणाला होता. असेल. उन्हाळ्यात इंजिनाला हवा लागते, कोण नाही म्हणतं? पण मामाने आयुष्यभर चालवलेल्या प्रत्येक गाडीच्या तोंडाला एक उन्हाळा होता आणि एक हिवाळा होता. उन्हाळ्यात उघडायचं, हिवाळ्यात झाकायचं. पोरांना हे कोण सांगणार? शिकलेली पोरं, विसरतात.

त्याने काळ्या मेंढीच्या लोकरीचा नमदा घेतला. दोन गोल तुकडे कापले, कडा उसवू नयेत म्हणून उंटाच्या केसांच्या दोऱ्याने शिवल्या. जाळी दिसायला छान होती, ती झाकायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून स्क्रू काढून जाळी उतरवली, तुकडे आत घट्ट दाबले, वरून जाळी परत बसवली. काळ्यामागे काळं. बाहेरून काही कळेना. पंजा धरून पाहिला, एक झुळूकही आत जात नव्हती. मुलाला मुद्दामच सांगितलं नाही. आपोआप कळेल, म्हणेल, कोके, आज इंजिन कसं पटकन तापलं! मग सांगू.

हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. बहिणीच्या मुलीला आमच्याकडे काहीही सांगता येतं आणि तिलाही मामाला काहीही बोलता येतं. तरी सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्या शेवटच्या दिवशी मामा आणि कुल्याश मामी दोघंही ट्रॅकवर आले होते. मामीने बाउरसाकची पिशवी आणली होती आणि दिसेल त्याला तळलेले गरम गोळे वाटत होती. याकुपने चाकांच्या बाजूच्या सगळ्या क्लिपा हाताने ओढून पाहिल्या. घट्ट होत्या. मेदेतने हेल्मेट काखेत धरून आशीर्वादासाठी बापापुढे तळवे उघडले. मामानेही उघडले. "वाट मोकळी असो," मामा म्हणाला, आणि दोघांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

याकुप मला हळूच म्हणाला, "बघ, आज तो वळणाच्या किती जवळ जाऊन ब्रेक दाबतो ते. माझ्या नळ्यांचा भरवसा आहे त्याला."

तेच नडलं. मेदेत खरंच जवळ जाऊन दाबत होता. पहिल्या फेऱ्या सुरेख गेल्या. मग सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकचे लाल दिवे लागले, विझले, लागले, विझले. तो पेडल पुन्हा पुन्हा मारत होता. गाडी वळलीच नाही. वाळूच्या पट्ट्यातून आडवी घसरत जाऊन टायरांच्या भिंतीवर आदळली.

आम्ही धावलो. मामीच्या हातातली पिशवी कुठे पडली कुणास ठाऊक. मेदेत आपल्या पायांनी बाहेर आला. ओठ फुटला होता, डावं मनगट छातीशी धरलं होतं. तो कुणाकडे न बघता थेट याकुपकडे गेला.

"कुठंय तुझी हवा?"

"मेदेत, बस आधी. हात दाखव."

"हात राहू दे! ब्रेकला हवाच पोचली नाही. कणभर नाही! कसल्या नळ्या केल्यास रे? धुराडी करणाऱ्याच्या हाती जीव दिला, माझीच अक्कल!"

"मी सकाळी क्लिपा पाहिल्या होत्या. थांब, बघतो मी..." याकुप वाकला.

"हात लावू नकोस माझ्या गाडीला."

हे सगळ्यांसमोर. नळ्या सांगितलेले चौघे तिथेच उभे होते. आणि मामाही. 'ब्रेकला हवा' हे शब्द त्याने त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. मी सहज त्याच्याकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. मला वाटलं, मुलाच्या काळजीने. मी त्याला पाणी दिलं. त्याने बाटली हातात धरून ठेवली, झाकण उघडलंच नाही.

चेपलेली गाडी अंगणात आणून टाकली. मेदेत दवाखान्यात मनगट बांधून घ्यायला गेला तेवढ्यात मामाने जाळी उचकटली, दोन्ही तुकडे ओढून काढले आणि सदऱ्यात लपवले. "चोरासारखं," तो मला म्हणाला. "आपल्याच अंगणात, आपल्याच गाडीतून."

सांगायचं त्याने रोज ठरवलं. सकाळी ठरवायचा, जेवताना मेदेतचं बांधलेलं मनगट समोर यायचं आणि घास गिळता गिळता शब्दही गिळला जायचा. ज्याच्याकडून पोरं गाडीचं तोंड तपासून घेतात, त्याने मुलाच्या गाडीचं तोंड बंद केलं. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिकडे चौघांपैकी तिघांनी याकुपच्या नळ्या परत आणून दुकानासमोर टाकल्या. 'वारेवाला' म्हणून आता कुणी हाक मारेना. मारली तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग याकुप स्वतः मामाच्या घरी आला, तंदूरमधल्या गरम भाकऱ्या घेऊन. मेदेत आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. मामा आणि याकुप जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाशी बसले. चहा मामाच ओतत होता.

"अका, मनगट कसं आहे त्याचं?"

"बरं आहे."

"माझंच काहीतरी चुकलं असणार. मी रोज डोक्यात ती नळी पुन्हा बसवतो, पुन्हा काढतो. सापडत नाही चूक." याकुप हसायला गेला, जमलं नाही. "सापडत नाही म्हणजे माझ्या आवाक्यातलं काम नव्हतं ते. सोडलं मी. धुराडीच बरी. धूर काय, कसाही वर जातो."

मामाने तोंड उघडलं. बोलायचंच म्हणून उघडलं होतं. पण नजर दस्तरखानावर होती, आणि तो चहा ओतत राहिला, ओतत राहिला, पियाला काठोकाठ भरेपर्यंत. पाहुण्याला आमच्याकडे घोट-दोन घोट चहा देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, बसवून घेता येतं. काठोकाठ पियाला पुढे करणं म्हणजे, ऊठ आता.

याकुपने पियाल्याकडे पाहिलं. कान लाल झाले त्याचे. दोन्ही हातांनी पियाला उचलून त्याने तो संपवला, चटका बसला असणार, पण संपवला. "दस्तरखान भरलेलं राहो," म्हणाला आणि उठला.

मामाला आता कळलं, आपण काय केलं. "याकुप," एवढंच निघालं तोंडातून. तो दारात थांबला. त्याला परत बसवायचं तर कारण सांगावं लागणार होतं. "सांभाळून जा," मामा म्हणाला.

दार लागल्यावर मामी स्वयंपाकघरातून आली. "घरी आलेल्या पोराला हाकललंस?" मामा पियाले गोळा करायला लागला. "माझ्या काळ्या नमद्याला दोन गोल भोकं आहेत, बाबा. चेपलेली गाडी आणली त्या दिवसापासून मी वाट बघतेय, तू काही बोलतोस का. मला वाटलं, माझा नवरा बोलेल. तो वादळात कोट काढणारा माणूस होता ना?"

मामाने खाली घातलेली मान वर केली नाही. मामीने पेटी उघडली आणि निळा चापान त्याच्यासमोर ठेवला. पुढे काही बोलली नाही. चापान मान द्यायला घालतात, पण आमच्यात ज्याच्याकडून अन्याय घडला त्यानेही समोरच्याच्या खांद्यावर चापान घालायचा, ही जुनी रीत आहे. पूर्वी बरोबर घोडाही द्यावा लागे.

दुसऱ्या दिवशी मीच मामाला बाजारात घेऊन गेले. आतापर्यंतचं सगळं त्याने मला वाटेतच सांगितलं. पत्र्याची ओळ गजबजलेली होती. याकुप पाटावर बसून धुराड्याची शिवण ठोकत होता. मामाला बघून उठला, हात छातीशी नेला. मामाने एक शब्द न बोलता चापान झटकला आणि त्याच्या काजळल्या कपड्यांवर घातला.

ठोकाठोक थांबली. शेजारचा बादल्या विकणारा म्हातारा पहिल्यांदा ओरडला, "वा, तुरेके! ह्याला म्हणतात मन! पोराचा जीव घ्यायला निघालेल्याला चापान!"

"ते काळीजच मोठं," पलीकडची बाई म्हणाली. "मी असते तर जोडा मारला असता."

"याकुप, पाया पड रे त्यांच्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. याकुपचे डोळे भरून आले. तो खरंच वाकायला लागला. मी मामाकडे पाहिलं. त्याचा हात खिशात होता आणि खिशातच राहिला होता. त्या क्षणी त्याला नुसतं उभं राहायचं होतं, बस. सगळं मिटलं असतं. याकुपला माफी मिळाली असती, मामाच्या नावावर आणखी एक गोष्ट चढली असती, चापानची दुसरी गोष्ट. लोकांनी ती त्याच्यासाठी तयारही करून ठेवली होती.

"वाकू नकोस," मामा म्हणाला. आवाज इतका बारीक की जेमतेम मलाच ऐकू गेला. मग त्याने खिशातून नमद्याचे दोन तुकडे काढून धुराड्याशेजारी ठेवले, आणि आवाज चढवून म्हणाला, "हे तुझ्या नळ्यांत होते. मी कोंबले. थंडी पडली म्हणून. ते ब्रेकसाठी आहेत हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. नंतर कळलं, तरी बोललो नाही. तू घरी आलास, तरी बोललो नाही."

बादलीवाला म्हातारा खाकरला आणि बादल्या नीट लावायला लागला. बाकीच्यांना एकदम आपापली कामं आठवली. कुणी मामाला टाकून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. धरणीने पोटात घ्यावं अशी वेळ असते तेव्हा धरणी हटकून कठीण असते.

याकुपने एक तुकडा उचलला, उलटासुलटा केला, कडेच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"टाका चांगला घातलाय," तो म्हणाला. तो परत पाटावर बसला. मग, "मेदेतला सांगितलंत?"

"नाही."

"त्याला आधी सांगायचं होतं, अका." त्याने चापान खांद्यावरून उतरवला, नीट घडी केली, पण परत दिला नाही. मांडीवर ठेवला. "मी पंधरवडाभर झोपलो नाही."

"हो," मामा म्हणाला.

घरी जाऊन मामाला ते सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मेदेतने ऐकलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो बांधलेल्या मनगटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही विचारलं होतंत, कोके. कसल्या हवेसाठी, म्हणून." मग बाहेर जाऊन चेपलेल्या गाडीत एकटाच बसून राहिला. नंतर एके दिवशी तो बंपर खांद्यावर घेऊन पत्र्याच्या ओळीतून चालत गेला, सगळ्यांच्या देखत, आणि याकुपच्या दुकानासमोर उभा राहिला. याकुपने त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाला, "आता आत ये. ओझं ठेव. वारेवाला म्हण आधी."

"वारेवाला," मेदेत म्हणाला.

"जोरात."

वसंतात ट्रॅक उघडला. माळावर वारं होतं. मामा येणारच नव्हता, मामीने आणला. अंगावर साधा कोट. मेदेत हेल्मेट काखेत धरून त्याच्यासमोर आला आणि तळवे उघडले. मामाने उघडले नाहीत.

"थांब," म्हणाला.

तो गाडीपुढे गुडघ्यांवर बसला. याकुपच्या हातून स्क्रूड्रायव्हर घेतला, एक जाळी उतरवली, आणि बाही वर करून हात कोपरापर्यंत आत घातला. चाचपला. बाहेर काढला. मग दुसरी.

"तुरेके, आज नमदा घरी ठेवलाय ना?" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

मामाच्या मानेपर्यंत लाली चढली. त्याने वळून पाहिलं नाही. "याकुप, चाकापाशी पंजा धर."

याकुप आडवा झाला, चाकामागे हात घातला. माळावरचं वारं नरसाळ्यात शिरत होतं.

"येतंय, अका."

"नीट बघ."

"येतंय. गार आहे."

"दुसऱ्या बाजूला धर."

लोक अजून हसत होते. मामा गुडघ्यांवरच बसून होता, याकुप दुसऱ्या चाकाखालून सांगेपर्यंत. मग तो उठला, गुडघ्यांची वाळू झटकली नाही, आणि मुलापुढे येऊन त्याने काळे झालेले तळवे उघडले.